घराबाहेर न्यायचं मडकं

सोमारी आली ती मंगळवारच्या बसनं, कार्याच्या पाच दिवस आधी. डोक्यावर गाठोडं, हातात छत्री, आणि तोंड बसमधून उतरल्यापासून चालू. गेलेल्या भावाला पेनांत, म्हणजे पूर्वजांच्या देवांत, मिळवायचं म्हणजे बहिणीनं शेवटच्या दिवशी पाहुणीसारखं टपकायचं नसतं, हे तिनं अंगणात पाय ठेवण्याआधीच वाटेतल्या तिघांना सुनावलं होतं. पाय धुतले, पाणी प्यायली आणि पहिला प्रश्न विचारला तो नेमका तोच, ज्याला तिची भावजय सोनीबाई वर्षभर भीत होती.

"वयनी, इरजन ठीक हाय ना?"

"हाय नं," सोनीबाई म्हणाली. "कुठी जाते ते."

"पंधरा दिवसाले पीठ टाकत गेली का? सुतक हाय म्हून विसरली तं नाई?"

"नाई विसरली."

यातलं दुसरं उत्तर खरं होतं. दर पंधरा दिवसांनी सोनीबाई मूठभर ज्वारीचं पीठ घेऊन आतल्या खोलीत जायची आणि शिंक्यावरच्या मडक्यात टाकायची. फक्त त्या मडक्यात खाणारं कोणी नव्हतं.

आतल्या खोलीत पूर्वजांचं ठाणं होतं. लग्न होऊन दुसऱ्या घरच्या पेनांत गेलेल्या लेकीला तिथं पाऊल टाकता येत नसे. त्यामुळे सोमारीनं उंबऱ्याशी उभं राहून मान लांब केली, शिंक्यावर पळसाच्या पानानं तोंड बांधलेलं काळं मडकं पाहिलं आणि तिचं समाधान झालं. ते मडकं सोनीबाईनं अहेरीच्या बाजारातून नवंकोरं आणून चुलीच्या धुरावर धरून काळं केलं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. रंजीतालाही नाही, आणि खरं तर सगळं झालं होतं ते तिच्याच हातून.

रंजीता ही सोनीबाईच्या थोरल्या मुलाची, लोकेशची बायको, माहेर नागभीडकडचं. तिकडं धानाची शेती, जवळ रेल्वे, शिकलेली माणसं. लांदा तिच्या माहेरी आजीच्या वेळेसच बंद झाला होता. इथं मात्र बांधावरच्या लाल ज्वारीला मोड आणून केलेला लांदा घरात कधी तुटला नव्हता. ताकासारखा दाट, आंबट. डोक्याला थोडा चढतो आणि पोटाला जास्त भरतो. प्रत्येक वेळी तळाचा गाळ थोडा राखायचा, त्यालाच विरजण म्हणायचं, आणि ते मडकं कधी धुवायचं नाही. सासूनं सुनेला, तिनं तिच्या सुनेला, असं ते चालत आलेलं.

आणि त्याचा एक नियम होता. घरातलं माणूस शेवटच्या श्वासाला लागलं की हे मडकं आधी दुसऱ्या घरी न्यायचं. जीव गेला की घरातली मातीची भांडी विटाळतात, ती शिवेबाहेर नेऊन फोडावी लागतात. विरजणाला मरण लागू द्यायचं नाही. सासू गेली तेव्हा सोनीबाईनंच मडकं पदराखाली धरून बापूजी गायत्याच्या घरी पोचवलं होतं. बापूजी म्हणजे गावाची पूजा करणारा माणूस. त्याच्या बायकोनं, उर्वशीनं, दहा दिवस ते सांभाळून परत दिलं होतं. पण सोनीबाईचा नवरा सुकलू गेला तो गडचिरोलीच्या दवाखान्यात, आणि सोनीबाई महिनाभर त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपत होती. इकडे घरी फोन आला. शेजारच्या बाया म्हणाल्या, मडकी बाहेर काढ बाई. रंजीतानं रडत रडत अकरा मडकी उचलली, परक्या गावची सून चुकली असं कोणी म्हणू नये म्हणून शिंक्यावरचं कळकटलेलंही काढून नेलं आणि नाल्याकाठी फोडलं. ॲम्ब्युलन्स त्या वळणावर हळू झाली तेव्हा सोनीबाईला खापऱ्यांमध्ये एक काळा गळा दिसला, बोटांच्या ठशांची ओळ असलेला. ती ओळ तिच्या सासूच्या बोटांची होती. सोनीबाई मोठ्यानं रडू लागली आणि गाडीतल्या सगळ्यांनी तिला सुकलूच्या नावानं धीर दिला.

तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोमारीनं रंजीताला जन्मभर फाडून खाल्लं असतं. सून तशी गुणी होती. म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं तिनं नाक न मुरडता काढलं होतं. हे एक कारण झालं. दुसरं कारण सोनीबाई मनातल्या मनातसुद्धा पूर्ण बोलत नसे.

पेनांत मिळवेपर्यंत गेलेलं माणूस घरातच असतं. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, पळसाच्या पानावर, रोजचा पहिला घास त्याचा. सोनीबाई पान ठेवायची आणि तिथंच टेकून चार शब्द बोलायची. लोकेशच्या ट्रकाची पाळी रात्रीची झाली. धाकटा रोशन चंद्रपूरला फ्लॅट घेतो म्हणते. गाय आटली. सुकलू जिवंतपणी जेवढी उत्तरं द्यायचा त्यापेक्षा आता काही कमी देत होता असं नाही. एकदा तो पूर्वजांत मिळाला की पान बंद, घास बंद. आणि मिळणार तो लांद्यावर. पहिला द्रोण त्याच्यापुढं ठेवायचा, दुसरा त्याच्या बहिणीच्या हातात द्यायचा. बहिणीनं चाखून म्हणायचं, हो, हे माझ्या आईच्या चुलीचं आहे. मग दार उघडतं. बहीण नाही म्हणाली तर सगळं पुढच्या वर्षावर, आणि माणूस दारातच उभं.

दुपारी सगळे जेवायला बसले. रोशन सकाळीच आला होता, आठवडाभराची रजा टाकून. तो शाळेत शिकवतो, त्यामुळे घरातही शिकवतो.

"एवढी धावपळ काऊन करून राह्यले तुम्ही?" तो म्हणाला. "एटापल्लीच्या बाजारात मिळते लांदा. दोन कॅन आणून टाकू. देवाले का समजते?"

"देवाले नाई समजत, मले समजते," सोमारी म्हणाली. "चाखाची मले हाय. माह्या मायच्या हातचा नसन तं मी तोंडावर सांगन. शाळा तुही तिकडे."

"आत्या, लोकांचा वेळ—"

"तुह्या बापानं तुह्यासाठी किती वेळ घालवला ते काढू का?"

लोकेश ताटातून मान वर न करता म्हणाला, "आत्या बरोबर म्हणते." दोघा भावांचं बापाच्या दवाखान्यापासून फारसं पटत नव्हतं आणि आत्याची बाजू घेतली की रोशनच्या विरुद्ध आपोआप जाता येत होतं. रोशननं वहिनीकडे पाहिलं. रंजीता त्याच्या बाजूनं काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सोमारीनं वरणाची वाटी पुढं केली.

"अन् सूनबाई, वरणात मीठ टाकाची पद्धत नाई का नागभीडकडे?"

रंजीतानं मुकाट्यानं मिठाचा डबा आणला. सोमारीनं चिमूट टाकली, मग आणखी एक, मग चाखून तिसरी. रोशननं तोवर दोन गिलास पाणी पिऊन टाकलं होतं, कारण वरण आधीच खारट होतं. पण मोठ्या बाईला तोंडावर कोण सांगणार.

सोनीबाई जेवलीच नाही नीट. अंगणात सुपांवर मोडांची ज्वारी वाळत होती, लहान पांढरी शेपटं फुटलेली. उद्या दळली की परवा तांदळाची पेज शिजवून त्यात घालायची, आणि मग विरजण. पाच दिवस उरले होते आणि तिच्याकडे लपवायला नुसत्या पिठाचं एक मडकं होतं.

दिव्या बुधवारी आली. लोकेश-रंजीताची ही लेक नागपुरात सूक्ष्मजीव शिकली आणि आता तिथंच एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं बॅग टाकली आणि सरळ आजीकडे, गोठ्यामागच्या सावलीत, जिथं सोनीबाई जात्यावर ज्वारी भरडत बसली होती. गावात चक्की होती. पण या ज्वारीला चक्की चालत नाही, ती तापते.

"आजी, विरजण कधी काढायचं? मला बघायचंय."

जातं फिरत राहिलं. दोन मुठी ज्वारी आत गेली.

"नाई हाय," सोनीबाई म्हणाली.

"काय नाही?"

"इरजन. बारा महिने झाले. तुह्या मायनं फोडलं. तिले मालूम नाई, अन् तू सांगाचं नाई." मग तिनं सगळं सांगितलं, खाली बघत, हात न थांबवता. वर्षभरात पहिल्यांदा ती हे बोलत होती आणि बोलायला एवढंच निघालं, दहा-बारा वाक्यं. तिला वाटलं होतं खूप असेल.

 दिव्या उठून घरात गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात बोटाएवढी काचेची बाटली होती, तळाशी पांढरी भुकटी.

"तीन वर्षांमागं तू मला वाटीभर विरजण दिलं होतंस. प्रोजेक्टसाठी. आजोबा म्हणाले होते—"

"पोट्टी मडक्यातले किडे मोजणार हाय," सोनीबाई म्हणाली. हे बोलताना तिचा आवाज अगदी सुकलूसारखा निघाला आणि दोघी हसल्या.

"हे त्यातलंच आहे आजी. वाढवून, वाळवून ठेवलेलं. तुझ्या लांद्याशेजारी एक छोटं मडकं लावून बघावं म्हणून मी आणलं. हे टाकलं की होतं. बिघडत नाही, वासही मारत नाही."

सोनीबाईनं बाटली उजेडात धरली. "हे आपलंच हाय?"

"हो. म्हणजे, त्यात बारा प्रकारचे जीव सापडले होते. त्यातले दोन वेगळे काढले. एक आंबट करणारा, एक फसफसवणारा."

"अन् बाकीचे धा?"

दिव्या म्हणाली, "ते नाही ठेवले. काही कामाचे नव्हते, काही बिघडवणारे. चांगले तेवढेच ठेवतात."

"कोण होते ते, समजलं का तुले?"

"काहींची नावं कळली."

"नावं समजली अन् टाकून देल्ले," सोनीबाई म्हणाली. रागानं नाही. ती जात्याचा खुंटा धरून तशीच बसून राहिली.

नको म्हणावं, असं तिच्या मनात आलं होतं. अगदी स्पष्ट आलं होतं. नको म्हटलं तर लांदा होणार नाही. नाही झाला तर कार्य पुढं ढकललं जाईल आणि कोपऱ्यातलं पान आणखी एक वर्ष राहील. कोणाला दोष नाही, विरजण मेलं एवढंच सांगायचं, कसं मेलं ते नाही. पण मग तिला आठवलं, जमिनीच्या पट्ट्यासाठी तलाठ्याच्या दारात ताटकळत ठेवलं होतं तेव्हा सुकलू किती चिडला होता. सहा कोस पायी परत आला होता, कागद न घेता. दारात उभं ठेवलेलं त्याला कधी खपलं नाही. आपल्या सोबतीसाठी त्याला वर्षभर दारात उभा ठेवणारी बायको कसली, असं तिचं तिलाच वाटलं आणि लाज वाटली.

"कसं टाकाचं सांग," ती म्हणाली.

तांदळाच्या पिठाची पेज शिजली, निवत ठेवली. करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत सोसली की ज्वारीचं पीठ घालायचं, हे सोनीबाईचं माप. दिव्यानं थर्मामीटर लावून पाहिला आणि म्हणाली, बरोबर आहे आजी. नवं मडकं शिंक्यावरून खाली आलं, वर्षभराचं पीठ काढून त्यात पेज ओतली. तेवढ्यापुरतं आतल्या खोलीत दोघीच. दिव्यानं कोमट पाण्यात भुकटी कालवली, सोनीबाईनं ती ओतली आणि तोंडावर कापड बांधलं.

जुनं विरजण जागं व्हायला दोन दिवस घ्यायचं. सोनीबाई मडक्याला कान लावायची. आत कोणी म्हातारं माणूस स्वतःशी पुटपुटावं तसा आवाज, मध्येच थांबणारा, परत सुरू होणारा. हे दुसऱ्याच सकाळी उठलं. फेस वर आला, वास स्वच्छ, आवाज भरभर आणि एकसारखा. दिव्या खूश झाली. सोनीबाईनं कान लावला आणि लगेच काढला. रात्रभर कोणीतरी काम करून गेलं होतं आणि तिला ते ओळखीचं नव्हतं.

शनिवारी तिनं चमचाभर चाखला. आंबट होता, चांगला होता. पण गिळल्यानंतर मागून जी कडसर, मातकट चव घशात यायची, जिच्यासाठी सुकलू डोळे मिटून थांबायचा, ती आली नाही. सोनीबाईनं वाट पाहिली. पुन्हा चाखला. मग कापड बांधून टाकलं.

रविवारी सकाळी सगळं गाव ऐनाच्या झाडाखाली जमलं. पलीकडे सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक रांगेनं जात होते आणि त्यांच्या आवाजात बापूजी गायत्याला पूर्वजांची नावं मोठ्यानं घ्यावी लागत होती. तोही आता ऐंशीचा. एक नाव विसरला, सोनीबाईनं हळूच सांगितलं.

पहिला द्रोण सुकलूच्या नावानं मांडलेल्या दगडापुढं ठेवला. दुसरा सोमारीच्या हातात दिला.

 या बाईच्या नजरेतून एक काडी सुटत नाही, जिभेवरून चव कशी सुटणार, असं सोनीबाईच्या मनात आलं. रोशन घड्याळाकडे पाहत होता. दिव्यानं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. बाजूला उभ्या रंजीताला काहीच माहीत नव्हतं, तरी तिनंही पदर घट्ट धरला होता.

सोमारीनं घोट घेतला. तोंडात फिरवला. डोळे मिटले. दुसरा घोट घेतला, द्रोण रिकामा केला, ओठ पुसले.

"माह्या मायच्या चुलीचा हाय," ती म्हणाली. "तसाच. काईच फरक नाई."

ढोल वाजू लागले. बापूजीनं सुकलूचं नाव पूर्वजांच्या नावांमागं जोडून घेतलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि सुकलू गेला. सोनीबाईला वाटलं होतं की त्या क्षणी काहीतरी समजेल, वारा किंवा अंगावर काटा. काही समजलं नाही. लोक लांदा पिऊ लागले. म्हातारे म्हणाले, पहिल्यासारखाच. लोकेशनं तीन द्रोण घेतले, रोशननंही घेतला आणि दोघं भाऊ वर्षानंतर एका चटईवर बसले. दिव्यानं लांबून आजीकडे पाहून हसून मान हलवली, झालं ना, अशी.

दुपारी घरी परतताना सोमारी मागं रेंगाळली. सोनीबाईचा हात धरून म्हणाली, "वयनी, थांब थोडी. तुले सांगतो, दुसऱ्या कोणाले सांगजो नको."

"काय झालं, बाई?"

"मागच्या पावसाळ्यात मले ताप आला होता नं. तवापासून जिभेले काईच समजत नाई. मीठ नाई, गूळ नाई. जेवतो म्हून जेवतो." तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "आज बी काई समजलं नाई. मी तं साध्या पाण्याले बी हो म्हटलं असतं. माह्या भावाले दारात काऊन उभं ठेवू? पण मनात लागून राह्यलं. तू चाखला ना? मायच्या हातचा होता ना तो?"

सोनीबाईनं नणंदेकडे पाहिलं. पन्नास वर्षं ही बाई तिच्या प्रत्येक भाजीत खोट काढत आली होती.

"होता," ती म्हणाली. "तसाच होता."

सोमारी तिचा हात सोडून पुढं चालू लागली. सोनीबाई मागून हळू निघाली. ती चव कशी होती ते आता या जगात आपल्या एकटीच्याच घशात उरलं आहे, हे तिला वळणापर्यंत येता येता नीट कळलं. बाकी सगळ्यांच्या लेखी ती चव मेलीच नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी रडायलाही कोणी सोबत नव्हतं.

घरी आली तर रंजीता हातपंपाशी बसली होती. समोर लांद्याचं मडकं, हातात नारळाची शेंडी आणि राख. मडक्यात पाणी ओतायला तिनं गुंडी उचललीच होती.

"राहू दे," सोनीबाई म्हणाली. "ते धुवाचं नाई."

"तळाशी गाळ हाय, माय."

"तेच ठेवाचं असते." ती सुनेशेजारी दगडावर बसली. वर्षभर राखलेलं बोलणं आता राखून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. हे मडकं कोणाला तरी द्यायचं होतं आणि समोर हीच होती. "पंधरा दिवसाले मूठभर पीठ टाकाचं. अन् एक ध्यानात ठेवजो. माही येळ आली, मी हे शेवटचे श्वास घेऊन राह्यली असं दिसलं, की मले सोडून आधी हे उचलजो. दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवजो. जीव जायच्या आधी. नंतर नाई चालत, नंतर फोडा लागते."

रंजीता ऐकत होती. मग तिच्या हातातली शेंडी खाली पडली. तिची नजर मडक्यावर गेली, आतल्या खोलीच्या दाराकडे गेली आणि रस्त्यापलीकडच्या नाल्याकडे जाऊन थांबली.

"माय," ती म्हणाली, "शिंक्यावर होतं ते. बाबा गेले त्या दिवशी मी—"

"तुले कोणी सांगतलंच नोतं. सांगाचं काम माहं होतं."

"तुम्ही वर्षभर..."

"रडू नको. पाहुणे हायेत घरात."

रंजीतानं डोळे पुसले, मडकं दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि त्याच्या तोंडावर स्वतःच पान ठेवलं. थोड्या वेळानं तिनं शिकणाऱ्या माणसासारखं विचारलं, "कोणाच्या घरी न्यायचं, माय?"

बापूजीच्या, असं सोनीबाईच्या तोंडावर आलं होतं. पण उर्वशी गेल्यापासून बापूजी सुनेच्या घरचा डबा खात होता आणि त्याच्या चुलीजागी नातवाची मोटरसायकल उभी असायची. त्याच्या शेजारच्या घराला दोन वर्षं कुलूप, माणसं आलापल्लीला. पलीकडच्यांनी माळ घातली, ते लांद्याचं नाव काढू देत नाहीत. त्यापलीकडे सगळी पोरं, त्यांना हे मडकं दिलं तर ती त्यात मोबाईलचे चार्जर ठेवतील. सोनीबाई मनातल्या मनात एकेका घराचं दार ठोठावत गावाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"सांगतो तुले," ती म्हणाली. "इचारून सांगतो."

ती उठली, सवयीनं आतल्या खोलीत गेली आणि कोपऱ्याशी टेकून बसली. विचारायचं होतंच, शिवाय लांदा कसा झाला तेही सांगायचं होतं. खरं काय ते त्यालाच सांगता आलं असतं, एका घोटात ओळखलं असतं त्यानं. तिनं तोंड उघडलं. कोपरा सकाळीच शेणानं सारवला होता आणि तिथं पान नव्हतं.